वाऱ्याची हजेरी

इमारतीच्या फॉल्स सिलिंगवर एक वेगळी वस्ती असते आणि तिथे कायम दाटी असते. केबल ट्रे, स्प्रिंकलरचे लाल पाइप, एसीच्या पाण्याची पांढरी नळी, आधीच्या भाडेकरूने तशीच टाकलेली तारांची जुडी, कुणीतरी विसरलेला पाना, आणि या सगळ्यांना कोपर मारत आडवा पसरलेला पत्र्याचा डक्ट. खाली टेबलाशी बसलेली माणसं ‘आज फार कोंदतंय’ किंवा ‘गारठलो बुवा’ म्हणतात, त्याचं मूळ या डक्टात असतं. त्यातून नेमका किती वारा जातो हे सांगण्यासाठी एक छोटं उपकरण बसवायचं असतं : एअरफ्लो सेन्सर. कॅटलॉगात हे काम तीन चित्रांत संपतं. भोक पाडा, दांडी आत सरकवा, दोन स्क्रू आवळा. चित्रातला हात स्वच्छ असतो, डक्ट लांबच लांब सरळ असतो आणि आजूबाजूला एकही पाइप नसतो. असा डक्ट फक्त कॅटलॉगात मिळतो.

मुळात हे हवंच कशाला, हा प्रश्न खरेदी खात्यातून हमखास येतो. पंखा लावलाय, पॅनेलवर हिरवा दिवा आहे, म्हणजे वारा वाहत असणारच. त्याच्यासाठी वेगळा साक्षीदार कशाला? यावर देखभालीतली मुरलेली माणसं एकच शब्द उच्चारतात : बेल्ट. अनेक एएचयूंमध्ये, म्हणजे डक्टात हवा ढकलणाऱ्या यंत्रांमध्ये, मोटर आणि पंखा यांना जोडणारा रबरी पट्टा असतो. तो तुटला की मोटर फिरतच राहते, अंगावरचं ओझं उतरल्यामुळे जरा जास्तच खुशीत फिरते. पॅनेलला मोटर चालू दिसते, हिरवा दिवा हिरवाच राहतो आणि पंखा मात्र स्वस्थ बसलेला असतो. दिवा मोटरची खबर देतो, वाऱ्याची नव्हे. डक्टात हीटर असेल तर यातला विनोद लगेच संपतो, कारण वारा नसताना तापलेला हीटर आग लावू शकतो. म्हणून वाऱ्याची खात्री पटल्याशिवाय हीटरला वीज मिळू नये, अशी जोडणी करतात. त्याचा जुना प्रकार म्हणजे डक्टात लटकवलेली एक पातळ पट्टी : वाऱ्याने ढकलली की स्विच लागतो. ही पट्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलते. ‘किती’ विचारलं की सेन्सरकडे जावं लागतं.

‘किती’ विचारायची सवय आपल्याकडे अलीकडची. कोरोनाच्या आधी ऑफिसात ताज्या हवेला फारशी पत नव्हती. बाहेरची हवा आत घ्यायची म्हणजे मे महिन्यातली पुण्याची दुपार आत आणायची आणि वर पैसे खर्चून ती गार करायची. त्यापेक्षा फ्रेश एअरच्या डँपरचा, म्हणजे झडपेचा, दांडा ‘बंद’कडे ढकलून त्यावर तार गुंडाळली, की विजेचं बिल आणि मॅनेजर दोघंही शांत. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवा खेळती ठेवण्यावर भर देणारी सूचना काढली, आणि ज्या दांड्यांकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नव्हतं त्यांच्या तारा सुटल्या. हवा येऊ लागली. मग ऑडिटर विचारू लागला, किती येते? ‘भरपूर’ हे उत्तर त्याच्या तक्त्यात बसत नाही.

तक्त्यातलं उत्तर काढायचं तर हिशेब असा. अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेचं ६२.१ क्रमांकाचं मानक ऑफिससाठी माणशी ५ सीएफएम आणि शिवाय दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम ताजी हवा मागतं. सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट. बाणेर-हिंजवडीकडचं १०,००० चौरस फुटांचं, १०० माणसांचं ऑफिस घेतलं तर माणसांचे ५०० आणि जागेचे ६००, मिळून ११०० सीएफएम. ही हवा १८ इंच रुंद, १२ इंच उंच डक्टातून आणली तर तिचा वेग मिनिटाला ७३३ फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.७ मीटर होतो.

इथे जरा थांबून या धंद्यातल्या मापांना नमस्कार करायला हवा. एकाच कागदावर डक्ट इंचात असतो, त्याचा पत्रा गेजमध्ये, खोली फुटांत, वेग मीटरमध्ये, हवा सीएफएममध्ये, दाब पास्कलमध्ये आणि थंडावा टनात. हा टन वजनाचाही नसतो. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळवायला ज्या दराने उष्णता द्यावी लागेल, तो हा टन. खोल्या बर्फाने गार करायचे दिवस गेले, टन तेवढा मागे राहिला. दशमान पद्धत भारतात कधीच आली, पण फॉल्स सिलिंगवर चढायला तिला शिडी मिळालेली नाही.

तर आपला वारा सेकंदाला ३.७ मीटरने चालला आहे. सर्वांत जुनी आणि आजही मान असलेली पद्धत म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याचा धक्का मोजायचा आणि त्यावरून वेग काढायचा. या वाऱ्याचा धक्का भरतो सुमारे ८ पास्कल. पाण्याच्या भाषेत, नळीतलं पाणी एक मिलिमीटरसुद्धा वर चढत नाही. एक मजला जिना चढलं तरी हवेचा दाब पस्तीसेक पास्कलांनी उतरतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात आणखी एक खोड आहे. वेग निम्मा झाला की धक्का निम्मा होत नाही, चौथाई होतो. रात्री ऑफिस रिकामं झालं आणि पंखा निम्म्या वेगावर आणला की उरतात जेमतेम २ पास्कल. बाजारात चटकन मिळणारा दाबमापक ० ते २५० पास्कलांचा असतो आणि पूर्ण पल्ल्याच्या १ टक्का इकडेतिकडे चुकायची त्याला सवलत असते. म्हणजे अडीच पास्कल. मोजायचं दोन आणि चुकायची मुभा अडीच! स्क्रीनवर मात्र आकडा दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत येतो, आणि दशांश चिन्ह दिसलं की भल्याभल्यांची शंका मावळते.

आकड्याचं असं, जागेचं त्याहून अवघड. वारा सरळ डक्टात शहाण्यासारखा चालतो, वळणावर त्याचा तोल जातो. दादर स्टेशनच्या पुलाचा जिना जिथे वळतो तिथे संध्याकाळी उभं राहिलं तर कळेल : सगळी गर्दी बाहेरच्या कठड्याला दाबली जाते, आतल्या कोपऱ्यात दोघंतिघं स्वतःभोवती फिरत राहतात आणि एखादा तर उलटा वर निघालेला असतो. त्या आतल्या कोपऱ्यात उभं राहून कुणी माणसं मोजली तर दादरला गर्दीच नसते असा अहवाल निघेल. वळणाला लागून बसवलेला सेन्सर हाच अहवाल रोज, चोवीस तास देतो. म्हणून नियम सांगतो, वळणानंतर डक्टाच्या व्यासाच्या साडेसातपट सरळ अंतर जाऊ द्या, मग मोजा, आणि मोजल्यानंतरही पुढे तीनपट सरळ असू द्या. चौकोनी डक्टाचा व्यास त्याच्या क्षेत्रफळावरून काढतात. १८ बाय १२ च्या डक्टाचा भरतो साडेसोळा इंचांच्या आसपास. साडेसात अधिक तीन, गुणिले साडेसोळा : साडेचौदा फूट सरळ डक्ट!

साडेचौदा फूट हे शब्द मीटिंगमध्ये उच्चारले की आर्किटेक्ट प्रथम हसतो. आणखी कुणी हसत नाही हे पाहिल्यावर तो नकाशा उघडतो. नकाशात डक्ट एएचयूमधून निघतो, तुळईला वळसा घालतो, स्प्रिंकलरखाली दबतो, कॉन्फरन्स रूमच्या सजावटीच्या छतामुळे बाजूला सरकतो आणि मग त्याला फाटे फुटतात. सर्वांत लांब सरळ तुकडा साडेचार फुटांचा, तोही स्वच्छतागृहाच्या वर. सल्लागार म्हणतो, तुळई हलवता येणार नाही का? स्ट्रक्चरलवाला या प्रश्नाची नोंदही घेत नाही. कुणीतरी डक्टात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी बसवायची सूचना करतं. तिच्यातून गेला की वारा खरंच बऱ्यापैकी सरळ होतो. पण जाळीने पंख्यावरचा भार वाढतो आणि पंख्याची ऑर्डर गेल्या महिन्यात गेलेली असते. शेवटी कागदावर लिहिलं जातं, ‘उपलब्ध जागांपैकी सर्वांत योग्य जागा’. या वाक्याचा अर्थ खोलीतल्या सर्वांना कळतो.

इतकं करूनही खाली बसलेली माणसं स्वतःची मोजमापं वापरतच असतात. ग्रिलला बांधलेली रंगीत फीत हा आपल्याकडचा सर्वाधिक खपाचा सेन्सर. तिला वायर नको, कॅलिब्रेशन नको, आणि ती फडफडते की नाही हे सगळ्या मजल्याला दिसतं. देखभालीच्या माणसाच्या खिशात याहून नाजूक साधन असतं, ते म्हणजे उदबत्ती. धूर ग्रिलकडे ओढला गेला की हवा परत जाते आहे, खाली लोटला गेला की येते आहे. औषध कारखान्यांच्या निर्जंतुक खोल्यांत वाऱ्याची दिशा दाखवायला धुराचंच परीक्षण करतात, फक्त तिथे त्याचं चित्रीकरण होतं आणि सह्या होतात.

दिसत नसलेल्या वाऱ्यावरून दिसणारी भांडणं किती मोठी होऊ शकतात, याचा पुरावा लंडनमध्ये सुमारे ३०० फूट उंच उभा आहे. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरचा राजवाडा जळाला. कारण काय, तर सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी कांड्या भट्टीत घालून एकदाच्या संपवायच्या होत्या. हिशेब संपले आणि संसदही. मग खासदारांना तात्पुरतं सभागृह मिळालं आणि त्याची हवा सुधारायला एडिंबरोहून डेव्हिड बॉस्वेल रीड यांना बोलावलं गेलं. हे रसायनशास्त्राचे अध्यापक. खासदारांना शुद्ध हवा मिळाली तर कारभारही सुधारेल, अशी आशा त्या काळीही होती.

रीड यांनी १८३६ मध्ये सभागृहाच्या जमिनीला असंख्य बारीक भोकं पाडली, त्यावर घोड्याच्या केसांची सच्छिद्र सतरंजी अंथरली आणि तळघरातून हवा वर सोडली. छताजवळून ती बाहेर काढायला एक मोठं धुराडं होतं. त्यात तळाशी आग पेटवली की गरम हवा वर जाई आणि सभागृहातली हवा मागोमाग ओढली जाई. योजना चांगली होती. तक्रारी मात्र लगेच सुरू झाल्या : पाय गारठतात, डोकं तापतं, बुटांची धूळ हवेबरोबर नाकाशी येते. रीड यांच्याकडे तापमापक होते, नोंदवह्या होत्या, पण त्यांचा सर्वांत संवेदनशील सेन्सर म्हणजे खासदार. सदस्य कुरकुरला की ती कुरकुर सार्जंट-ॲट-आर्म्सकडे जाई, तिथून तळघरातल्या कामगारांकडे, आणि मग झडपा उघडत किंवा मिटत. शेजारी बसलेल्या दोन सदस्यांपैकी एकाला गरम आणि दुसऱ्याला गार वाटत असेल तर तळघराने काय करावं, हे त्या काळातही सुटलं नाही.

पुढे नव्या राजवाड्याचं काम निघालं आणि आर्किटेक्ट चार्ल्स बॅरी व रीड यांची गाठ पडली. रीड यांना दूषित हवा एकत्र करून बाहेर सोडायला मधोमध एक उंच धुराडं हवं होतं. बॅरींच्या आराखड्यात ते नव्हतंच, ते घालावं लागलं. दोघांचं इतकं बिनसलं की प्रकरण वृत्तपत्रांत आणि संसदीय समित्यांत गेलं. अखेर रीड यांना बाजूला करण्यात आलं, आणि ज्या कामासाठी धुराड्याचा तो मनोरा बांधला ते काही त्याच्याकडून ठरल्यासारखं झालं नाही. आज पर्यटक त्याला सुंदर म्हणतात. आर्किटेक्ट आणि एसीवाला यांच्यातल्या भांडणातून निघालेल्या वस्तूंमध्ये इतकी देखणी दुसरी नसावी.

रीड यांना अगदीच अपयशी ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. लिव्हरपूलचं सेंट जॉर्जेस हॉल १८५४ मध्ये उघडलं, तिथली त्यांची हवेची व्यवस्था नावाजली गेली. कॅनव्हासचे मोठे पडदे दोऱ्यांनी ओढून कामगार हवेची वाट बदलत. आज डँपर फिरवणारी जी छोटी मोटर असते, तिच्या जागी तेव्हा दोरी धरलेला माणूस होता. आणखी एक प्रयोग रीड यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. एडिंबरोत पन्नासेक विद्वानांना त्यांनी उत्तम हवा खेळणाऱ्या खोलीत जेवायला बसवलं. मंडळींनी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त मद्य रिचवलं आणि कुणाला त्याचा त्रास वाटला नाही. ताज्या हवेच्या उपयुक्ततेचा हा पुरावा कुठल्याही मानकात घेतलेला दिसत नाही. घेतला असता तर डँपरवरच्या तारा फार आधी सुटल्या असत्या.

वाऱ्याचा धक्का मोजायची नळी याच्याही शंभर वर्षं आधीची. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये एक वाकवलेली काचेची नळी सीन नदीत धरली आणि पाणी नळीत किती चढतं त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. तोपर्यंत काही विद्वानांची खात्री होती की नदीत जितकं खोल जावं तितका प्रवाह जोरात. पितोच्या नळीने उलट दाखवलं. हीच नळी आज विमानाच्या नाकाशी असते आणि डक्टातही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर कुंभारमाश्यांच्या जातीतल्या एका गांधीलमाशीने उभ्या विमानांच्या पितो नळ्यांत मातीची घरटी बांधून उच्छाद मांडला, आणि विमान थांबलं की नळीला टोपण घालण्याची खबरदारी घ्यावी लागली. डक्टातल्या नळीला गांधीलमाशी लागत नाही. नवीन ऑफिसच्या जिप्सम बोर्डाची पांढरी पूड तिच्यासाठी पुरेशी असते.

दुसरी जात गरम तारेची. वाऱ्यात ठेवलेली तापती तार जितकी गार होते, त्यावरून वाऱ्याचा वेग. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लुई व्हेसो किंग यांनी १९१४ मध्ये याचं गणित मांडलं. आजच्या सेन्सरात तारेऐवजी बारीक मणी असतात : एक तापवलेला, दुसरा हवेचं तापमान सांगणारा. मंद वाऱ्यात ही जात पितोपेक्षा खूप सरस, त्यामुळे आपल्या रात्रीच्या २ पास्कलांवर इलाज हाच. किंमत ऐकून खरेदी खातं पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळतं.

एवढं सगळं ठरल्यावर बसवणारा येतो. बहुधा एक तंत्रज्ञ, एक हेल्पर आणि एक घोडा. घोडा म्हणजे दोन पायऱ्यांच्या आडव्या फळीची लोखंडी शिडी. तिचा एक पाय नेहमी आखूड असतो. सिलिंगच्या ट्रॅप डोअरमधून तंत्रज्ञाचा अर्धा देह वर जातो, उरलेला अर्धा हेल्परशी बोलत राहतो. होल सॉ फिरतं, इन्सुलेशन फाटतं, पत्र्याचा कीस खाली बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर पडतो. भोकात दांडी जाते आणि बाहेर आलेल्या वाऱ्याने तंत्रज्ञाचे डोळे मिटतात. वारा असल्याची ही पहिली आणि सर्वांत भरवशाची नोंद. मग सिलिकॉन, ॲल्युमिनियमची टेप, आणि खालून आवाज, ‘बाणाची दिशा बघितली का रे?’

सेन्सरवर एक बाण असतो. तो वाऱ्याच्या दिशेने असावा लागतो. अंधाऱ्या सिलिंगवर उलटं लोंबकळत असताना वारा कुठून कुठे चालला आहे, हे सांगायला दुसरा सेन्सर लागेल. बाण उलटा बसला किंवा दाबमापकाकडे जाणाऱ्या दोन पारदर्शक नळ्यांची अदलाबदल झाली, की दाब उणे येतो. वेग काढायला दाबाचं वर्गमूळ घ्यावं लागतं आणि उणे संख्येचं ते काढता येत नाही, म्हणून संगणक सभ्यपणे शून्य दाखवतो. तेव्हा बीएमएसवाला, म्हणजे इमारतीचा संगणक सांभाळणारा, खालच्या मजल्यावरून फोन करतो : वारा नाही. वरचा म्हणतो, माझे केस उडतायत. बीएमएसवाला म्हणतो, स्क्रीनवर नाही.

नळ्या फिरवल्यावर आकडा येतो आणि हा क्षण सर्वांत धोक्याचा, कारण आता सगळ्यांना घरी जायचं असतं. सेन्सरला फक्त वेग कळतो. हवा किती, हे कळायला डक्टाचं क्षेत्रफळ हाताने भरावं लागतं. आपल्या डक्टाचं क्षेत्रफळ दीड चौरस फूट. रकाना चौरस मीटर मागतो आणि तंत्रज्ञ १.५ भरतो. एका मीटरच्या चौरसात पावणेअकरा चौरस फूट बसतात, त्यामुळे ११०० सीएफएमच्या जागी पडद्यावर जवळजवळ बारा हजार उगवतात. ऑफिसभर ताजी हवा ओसंडून वाहते आहे! आणि संगणक आपलं कर्तव्य बजावतो : हवा जास्त झाली म्हणून डँपर हळूहळू मिटत नेतो. तासाभराने मजल्यावर जांभया सुरू होतात.

तेव्हा तिसरा माणूस येतो, हवा तपासणारा, हातात मीटर आणि खांद्याला पेटी. सेन्सर खरं बोलतो का हे पाहायला त्याला डक्टाच्या कडेने ओळीत पाच नवी भोकं पाडावी लागतात आणि प्रत्येक भोकात नळी पाच वेगवेगळ्या खोलींवर धरून २५ नोंदी घ्याव्या लागतात. सर्वसाधारणपणे ठरल्या आकड्याच्या १० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे किमान ९९० सीएफएम यायला हवेत. क्षेत्रफळ दुरुस्त झालेलं असतं, डँपर पुन्हा उघडलेला असतो, मजल्यावरचे सगळे संबंधित ट्रॅप डोअरखाली माना वर करून उभे असतात. पहिल्या फेरीत ९७८ येतात. कुणीतरी फिल्टर झटकायला सुचवतं. दुसऱ्या फेरीत ९८५. एएचयूच्या खोलीचं दार उघडं असल्याचं लक्षात येतं, ते लावतात. तिसऱ्या फेरीची बेरीज ९९२ भरते आणि चौथी फेरी घ्यावी का असं हेल्पर विचारायच्या आत मीटर बंद करून पेटीत गेलेला असतो, कागद फिरू लागलेला असतो आणि आर्किटेक्ट पेन शोधत असतो.